जुन्या घाटाच्या मनगटी घड्याळासाठी सुटे भाग: बाजारात काय मिळते, काय घेण्याजोगे आहे

हौसेखातर स्वतःच्या हाताने घड्याळ जुळवू पाहणाऱ्याला आज मशीन, तबकडी, काटे, केस, काच, चावी आणि पट्टा यांपैकी प्रत्येक वस्तू सुटी विकत घेता येते, आणि त्यासाठी घड्याळजीच्या ओळखीची गरज उरलेली नाही. मात्र या बाजाराचा मोठा हिस्सा पाणबुड्यांसाठी बनवलेल्या दणकट, जाड, चाळीस मिलिमीटरांपुढच्या घड्याळांचा आहे. १९४० ते १९६० या दशकांतल्या घड्याळांसारखे काही घडवायचे असेल, तर समोर मांडलेल्या मालापैकी बराचसा बाजूला सारावा लागतो. जुनेपण मापांत असते, सजावटीत नसते, असे माझे मत आहे. तबकडीवर पिवळट रंग चढवून आणि पट्ट्याचे चामडे खरवडून घड्याळ जुने दिसत नाही. व्यास, जाडी, सेकंद काट्याची जागा आणि काट्यांची लांबी जुळली, तर मात्र नवेकोरे घड्याळही जुन्या काळचे वाटते. बाजारातला माल मी या कसोटीवर तपासला आहे.

सुरुवात मशीनपासूनच करावी लागते, कारण बाकीच्या सर्व भागांची मापे तेच ठरवते. हौशी लोकांत सर्वांत अधिक खपणारे मशीन म्हणजे सेकोच्या घराण्यातले एनएच३५. व्यास २७.४ मिमी, जाडी ५.३२ मिमी, २४ ज्युवेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके आणि एकदा पूर्ण चावी भरली की सुमारे ४१ तासांची चाल. मशीन भक्कम आहे, हाताने चावी देता येते, वेळ लावताना सेकंद काटा थांबतो, आणि त्याच्यासाठी तबकड्या व काटे मुबलक मिळतात. नवशिक्याने पहिल्या घड्याळासाठी ते घेतले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जुन्या घाटाच्या दृष्टीने त्याची जाडी हीच मोठी अडचण ठरते. सव्वापाच मिलिमीटरांच्या मशीनवर तबकडी, काटे आणि घुमटाकार काच चढवली, खाली झाकण बसवले, की घड्याळ अकरा-बारा मिलिमीटरांच्या आत राहणे कठीण होते आणि मनगटावर ते डबीसारखे उभे राहते. दुसरी गोष्ट तारखेची. तारखेची खिडकी नसलेली तबकडी यावर बसवली, तरी आतले तारखेचे चक्र फिरतच राहते आणि चावी ओढताना मधला एक निरर्थक टप्पा लागतो. ज्याला हे खटकते त्याने एनएच३८ घ्यावे. त्यात तारीखच नाही, म्हणून तो रिकामा टप्पाही नाही. जाडीचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो.

दुसरा लोकप्रिय पर्याय म्हणजे मुळात खिशातल्या घड्याळांसाठी आखलेले युनिटास ६४९७ आणि ६४९८. पुढे ही मशीन ईटीए या स्विस मशीन-कंपनीच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्यांचीच चिनी आवृत्ती तियानजिनच्या सीगल कारखान्याकडून एसटी३६ या मालिकेत येते. हाताने चावी द्यायचे, १७ ज्युवेलचे, साडेचार मिलिमीटर जाडीचे हे मशीन हौशी माणसाला शिकण्यासाठी उत्कृष्ट आहे, कारण त्याचे सगळे भाग मोठे आहेत आणि साध्या भिंगातूनही नीट दिसतात. पूल (भाग जागी धरणाऱ्या पट्ट्या), चक्रे, पॅलेट (चक्रांना एकेका ठोक्याने सोडणारा तुकडा), बॅलन्स (मागेपुढे झुलणारे चक्र) यांचे परस्परसंबंध यावर जितके स्पष्ट समजतात तितके छोट्या मशीनवर समजत नाहीत. ईटीएची जुनी आवृत्ती तासाला १८,००० ठोक्यांची आहे. तिचा संथ, ठसठशीत टिकटिकाट ऐकायला मिळावा एवढ्यासाठीही काही जण ती शोधून घेतात. नव्या ईटीए आवृत्तीत आणि सीगलच्या मशीनमध्ये हा वेग २१,६०० आहे.

खरेदीच्या वेळी येथे एक भेद नीट पाहावा लागतो. ६४९७ मध्ये चावी तीनच्या बाजूला ठेवली असता छोटा सेकंद काटा नऊच्या जागी येतो. ६४९८ मध्ये तो सहाच्या जागी येतो. जुन्या मनगटी घड्याळांत छोटा सेकंद काटा बहुधा सहाच्याच जागी असे, त्यामुळे तो घाट हवा असणाऱ्याने ६४९८ किंवा सीगलचे एसटी३६२० मागवावे. विक्रेत्यांच्या वर्णनांत हे दोन प्रकार सर्रास एकाच नावाखाली येतात, म्हणून केवळ नावावर न जाता छायाचित्रातील तबकडीकडची बाजू पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पण ज्या कारणाने हे मशीन शिकायला सोपे, त्याच कारणाने ते जुन्या घाटाला गैरसोयीचे आहे. त्याचा व्यास ३६.६ मिमी आहे. १९३२ मध्ये आलेल्या पाटेक फिलिपच्या कालात्रावा ९६ या घड्याळाची संपूर्ण केस सुमारे ३१ मिमीची होती, म्हणजे हे मशीन त्या अख्ख्या घड्याळापेक्षा मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठी ओमेगा, लाँजिन, सायमा, व्हर्टेक्स यांसारख्या बारा कारखान्यांनी जी घड्याळे बनवली, त्यांच्या मशीनचा व्यास पावणेबारा ते तेरा लीन्य इतका मागितलेला होता. लीन्य हे घड्याळजींचे जुने माप सुमारे २.२५६ मिमीचे असते, म्हणजे ती मशीन साडेसव्वीस ते सव्वाएकोणतीस मिलिमीटरांची भरतात. सैनिकी घाटाचे म्हणून जे तयार संच ६४९८ बरोबर विकले जातात, ते साहजिकच ४२ ते ४४ मिमीचे होतात आणि मूळ घड्याळांशी त्यांचे नाते तबकडीवरच्या आकड्यांपुरते उरते. याला एक प्रामाणिक अपवाद आहे: त्याच काळातील जर्मन वैमानिकांची निरीक्षणाची घड्याळे ५५ मिमीची असत आणि जाकिटाच्या बाहीवरून बांधली जात. त्या घाटाचे घड्याळ करायचे असेल तर ६४९७ किंवा ६४९८ चा आकार मुळीच खटकत नाही. मात्र त्या घड्याळांत सेकंद काटा मध्यभागी होता, हे विसरून चालत नाही.

माझ्या दृष्टीने जुन्या घाटाला सर्वांत जवळची मशीन दोन आहेत आणि दोन्ही हौशी बाजारात कमी चर्चिली जातात. पहिले पेझ्यू ७००१. हे १९७१ मधले मशीन आता ईटीएच्या नावाखाली येते, व्यास २३.३ मिमी, जाडी अवघी २.५ मिमी, १७ ज्युवेल, तासाला २१,६०० ठोके, चाल सुमारे ४२ तासांची आणि छोटा सेकंद काटा सहाच्या जागी. नोमोस या जर्मन कंपनीचे अल्फा हे मशीन याच पायावर उभे राहिलेले आहे. वेळ लावताना यात सेकंद काटा थांबत नाही, आणि बारीक भागांमुळे हाताळणी नाजूक आहे. परंतु ३४-३५ मिमीच्या केसमध्ये हे बसवले, तर आठ मिलिमीटरांच्या आसपासचे सडपातळ घड्याळ तयार होते. केस निवडताना येथे अधिक काळजी घ्यावी लागते. मशीन लहान असल्यामुळे छोट्या सेकंदाची तबकडी मध्यबिंदूच्या जवळ येते, आणि तेच मशीन ३९-४० मिमीच्या केसमध्ये घातले की ती मधोमध चिकटल्यासारखी दिसते. एखाद्या घड्याळात मोठ्या केसमध्ये लहान मशीन कोंबलेले आहे की नाही, हे झाकण न उघडता ओळखण्याची ही साधी खूण आहे. तारखेची खिडकी कडेपासून फार आत सरकलेली असेल, तर त्याचाही अर्थ तोच.

दुसरे सेलिटा या स्विस कंपनीचे एसडब्ल्यू२१०, किंवा मिळाल्यास त्याचे मूळ असलेले ईटीए २८०१. व्यास २५.६ मिमी, जाडी ३.३५ मिमी, हाताने चावी, तासाला २८,८०० ठोके आणि मध्यभागी सेकंद काटा. तारीख नाही, मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे फिरते वजन नाही, अनावश्यक काही नाही. याच्या काट्यांची मापे ईटीएच्या प्रसिद्ध २८२४ या मशीनप्रमाणेच असल्याने काट्यांची निवड भरपूर मिळते. ३६ मिमीच्या केसमध्ये मध्यवर्ती सेकंद काट्याचे साधे घड्याळ करायचे असेल तर मी निःसंकोचपणे हेच सुचवीन. एनएच३५ च्या तुलनेत ते बरेच महाग पडते, पण जवळजवळ दोन मिलिमीटर जाडी वाचते, आणि मनगटी घड्याळात दोन मिलिमीटर हा अंतराचा फार मोठा पल्ला आहे.

क्रोनोग्राफची, म्हणजे बटण दाबून सेकंद मोजता येणाऱ्या घड्याळाची, हौस असलेल्यांसाठी सीगलचे एसटी१९ आहे. स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीच्या १७५ क्रमांकाच्या मशीनची यंत्रसामग्री चीनने विकत घेतली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तियानजिनमध्ये हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवण्याचे काम सुरू झाले. आजचे मशीन त्याच वंशातले आहे. कॉलम व्हील (ही मोजणी चालू-बंद करणारे खांबांचे चक्र) असलेला, हाताने चावी द्यायचा क्रोनोग्राफ इतक्या आवाक्यात दुसरा नाही. तरीही पहिल्या घड्याळासाठी तो घेऊ नये. काटे अधिक, त्यांतला क्रोनोग्राफचा सेकंद काटा शून्यावर अचूक बसवावा लागतो, आणि दोन बटणांची योग्य केस मिळवणे हेच वेगळे काम होऊन बसते.

जुन्या, न वापरलेल्या साठ्यातील मशीन हा आणखी एक मार्ग आहे. ए. शिल्ड, एफएचएफ, पेझ्यू अशा बंद पडलेल्या किंवा विलीन झालेल्या कारखान्यांची मशीन अजून मिळतात. त्यांचा क्रमांक बहुधा बॅलन्सखाली कोरलेला असतो आणि त्यावरूनच सुटे भाग शोधता येतात. ‘न वापरलेले’ या वर्णनाचा अर्थ ‘चालू’ असा घेऊ नये. दशकानुदशके पडून राहिलेल्या मशीनमधले तेल वाळलेले किंवा चिकट झालेले असते, आणि त्याला संपूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा तेल दिल्याशिवाय मनगटावर बांधणे म्हणजे त्याची चक्रे झिजवणे होय. इंकाब्लॉकसारखी धक्का सोसणारी रचना १९३४ पासून वापरात असली, तरी त्यानंतरची कित्येक वर्षे अनेक मशीन तिच्याविना बनत राहिली. अशा मशीनचा बॅलन्सचा आस एका पडण्यात मोडतो. ज्याला दुरुस्ती येते किंवा शिकायची आहे, त्यानेच या वाटेला जावे.

तबकड्यांच्या बाजारात शब्दांची उधळण अधिक आणि माहिती कमी असते. ‘एनॅमल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त तबकड्या चकचकीत लाखेच्या असतात. खरे एनॅमल म्हणजे तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवलेला थर. चकती वाकू नये म्हणून मागच्या बाजूसही थर द्यावा लागतो, त्यामुळे अशी तबकडी साधारण एक मिलिमीटर जाड होते. विक्रेत्याला तबकडीची जाडी आणि मागच्या बाजूचे छायाचित्र विचारावे; मागे उघडी पितळी चकती दिसली तर प्रश्न तिथेच मिटतो. मी एका विक्रेत्याकडून एनॅमल म्हणून मागवलेली तबकडी नेमकी अशीच निघाली, आणि ‘एनॅमलसारखी’ असे आपल्याला म्हणायचे होते, असा खुलासा त्याने पैसे घेतल्यानंतर केला. लाखेची तबकडी वाईट असते असे नाही. छपाई सुबक असेल, आकड्यांच्या कडा भिंगाखाली धारदार दिसत असतील, तर ती आनंदाने वापरावी. खरे एनॅमल घेतल्यास त्याची जाडी काट्यांसाठी उपलब्ध असलेल्या उंचीतून वजा होते, हे आधी मोजून घ्यावे. काही मशीन काटे बसण्याच्या भागाच्या वेगवेगळ्या उंचीत मिळतात आणि एनॅमलसाठी उंच प्रकारच लागतो.

तबकडीच्या मागील पाय हा दुसरा मुद्दा. पाय मशीनच्या छिद्रांशी जुळले पाहिजेत, आणि एनएच३५ साठीच्या तबकड्यांत तर चावी तीनला आहे की चारच्या जवळ यावर पायांची जागा बदलते. पाय कापून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या बारीक चकत्यांवर तबकडी बसवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो चालतो, पण पुढे कोणी मशीन उघडेल तेव्हा तबकडी सरकणार, हे धरून चालावे. मी तो शेवटचा उपाय मानतो.

काट्यांवर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो, कारण जुन्या घाटाचे सौंदर्य तिथेच ठरते आणि चुकीची मापेही तिथेच सापडतात. एनएच३५ साठी तास, मिनिट आणि सेकंद काट्यांची छिद्रे अनुक्रमे १.५०, ०.९० आणि ०.२० मिमीची लागतात; २८२४ च्या घराण्यासाठी पहिली दोन तीच आहेत, पण सेकंद काट्याचे छिद्र ०.२५ मिमीचे आहे. म्हणजे एकाचा संच दुसऱ्यावर दोन काट्यांपर्यंत बिनबोभाट बसतो, आणि तिसरा एकतर बसत नाही किंवा सैल बसून कधीतरी गळून पडतो. ६४९७ साठी ही मापे याहून कितीतरी मोठी आहेत. जो विक्रेता छिद्रांची मापे लिहीत नाही, केवळ ‘बहुतेक मशीनना चालते’ असे लिहितो, त्याच्याकडून काटे घेऊ नयेत.

लांबीचा नियम साधा असला तरी तयार संचांत तो क्वचितच पाळलेला असतो. मिनिट काट्याचे टोक मिनिटांच्या खुणांना स्पर्श करील इतके लांब हवे, आणि तास काट्याने आकड्यांच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचावे. आखूड काटे हा स्वस्त घड्याळांचा ठसा आहे. १९५० च्या दशकातल्या चांगल्या घड्याळांत तबकडी किंचित घुमटाकार असे आणि मिनिट काट्याचे टोक तिच्या वळणाबरोबर खाली वाकवलेले असे. हे काम घरी करता येते, मात्र पोलादी काट्यावर नव्हे तर पितळी काट्यावर आणि तेही बसवण्यापूर्वी. निळ्या काट्यांबाबत सांगायचे तर पोलाद सुमारे ३०० अंशांवर तापवले की त्यावर निळी छटा येते. असा काटा प्रकाशाच्या कोनाप्रमाणे काळा, जांभळा आणि गडद निळा दिसतो. रंग लावलेला काटा कोणत्याही कोनातून सारखाच निळा राहतो. विक्रेत्याकडे वेगवेगळ्या प्रकाशातले छायाचित्र मागितले की उत्तर मिळते, किंवा उत्तर मिळत नाही, आणि तेही उत्तरच असते.

येथे एक गोष्ट गंभीरपणे सांगणे आवश्यक आहे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या आणि काटे, विशेषतः १९६० च्या दशकापर्यंतचे, रेडियमने रंगवलेले असू शकतात. चमक विझलेली असली म्हणजे धोका संपला असे होत नाही. विझते ते त्यातले झिंक सल्फाइड, रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १,६०० वर्षांचा आहे. असा रंग खरवडणे, घासणे किंवा त्याची पूड श्वासाबरोबर जाऊ देणे अत्यंत घातक आहे. जुन्या साठ्यातील चमकदार काटे हौशी माणसाने घेऊच नयेत. आजचा चमकदार लेप स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा, किरणोत्सर्ग नसलेला असतो. त्याची जुनाट पिवळी छटाही मिळते, पण रंग मिसळल्याने ती पांढऱ्या किंवा हिरवट लेपापेक्षा मंद चमकते. मला ही छटा फारशी रुचत नाही. नव्या घड्याळाने वयाचे सोंग घेण्यापेक्षा लेपाविना तबकडी अधिक शोभते.

केस घेताना व्यासाबरोबर पट्टा जोडण्याच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची लांबी पाहावी, कारण मनगटावर घड्याळ किती मोठे वाटते हे तीच ठरवते आणि वर्णनात नेमकी तीच दिलेली नसते. ३१६एल पोलादाच्या केस चांगल्या मिळतात, परंतु ३४ ते ३६ मिमीच्या आणि सडपातळ केस फार थोड्या विक्रेत्यांकडे असतात. सगळ्या कडा सारख्याच चकचकीत केलेल्या केसपेक्षा कडांची धार टिकवून ठेवलेली केस निवडावी. मशीन आत घट्ट धरणारी कडी केसबरोबर येते का, आणि ती धातूची आहे की प्लास्टिकची, हे विचारून घ्यावे.

काचेत मी ॲक्रिलिकच्या बाजूने आहे. नीलमणी काचेवर ओरखडे सहजासहजी उठत नाहीत हे खरे, पण ॲक्रिलिकच्या घुमटाच्या कडेला तबकडी जी किंचित वाकून दिसते तो जुन्या घड्याळांचा खास दृश्यगुण आहे, आणि बारीक ओरखडे पॉलिशने घरीच जातात. नीलमणी काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप अनेकदा निळसर झाक मारतो आणि पांढऱ्या तबकडीचा ऊबदार रंग बिघडवतो. खनिज काच मधली असली तरी तिच्यात दोघींचेही गुण नाहीत.

चावीच्या बाबतीत दांडीचा आटा जुळणे एवढेच पाहायचे असते. एनएच३५ आणि २८२४ या दोन्हींसाठी तो ०.९० मिमीचा आहे. दांडी लांब येते आणि मापाप्रमाणे कापावी लागते. हाताने चावी द्यायच्या घड्याळाला रोज फिरवावे लागते, म्हणून फार चपटी चावी दिसायला मोहक असली तरी बोटांना त्रास देते.

घड्याळ जुळवून झाल्यावर त्याची चाल मोजायला ठोके ऐकणारे छोटे यंत्र हवेच, आणि ते वापरताना एक आकडा बरोबर भरावा लागतो: बॅलन्सच्या उचलीचा कोन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला धक्का मिळताना बॅलन्स जितका फिरतो तो कोन. ६४९७ साठी तो ४४ अंश, २८२४ साठी ५० आणि एनएच३५ साठी ५३ आहे. यंत्रात बहुधा ५२ आधीच भरलेला असतो. तो न बदलता ६४९७ ठेवले, तर झोक्याचा, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो त्याचा, आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो आणि थकलेले मशीनही ठणठणीत वाटते. एनएच३५ साठी दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंद ही निर्मात्याचीच मर्यादा आहे, त्यामुळे दिवसाला दहा-पंधरा सेकंद पुढे जाणारे मशीन सदोष म्हणून परत पाठवण्याचे कारण नाही. बॅलन्सजवळचा नियंत्रक (चाल कमीजास्त करणारी छोटी दांडी) किंचित सरकवून ती चाल सुधारता येते. झोका मात्र पूर्ण चावीनंतर तबकडी वर ठेवून २५० अंशांच्या बराच खाली असेल, तर नवे मशीन परत करावे आणि त्याच वेळी करावे, कारण तबकडी व काटे चढवल्यानंतर बहुतेक विक्रेते ते परत घेत नाहीत.